चिठ्ठीची पहिली ओळ

कॉलेजची स्मरणिका परवा टपालानं घरी आली. गुळगुळीत कागद, अध्यक्षांचे रंगीत फोटो, अध्यक्षांच्या वडिलांचे रंगीत फोटो, आणि गणित विभागाच्या पानावर सरांविषयी दीड ओळ. ‘त्यांच्या प्रायोगिक निकालपद्धतीतील त्रुटीमुळे काही काळ गोंधळ झाला, परंतु संस्थेने तो तत्परतेने निस्तरला.’ चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्रुटी म्हणे. तत्परतेने म्हणे! माझा चहा तसाच गार झाला. बायको म्हणाली, या वयात असं लालबुंद होणं बरं नाही. मग कुठल्या वयात व्हायचं? ज्या वयात व्हायला हवं होतं तेव्हा मी झालो नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सर म्हणजे आमचे गणित विभागप्रमुख. विभाग दोन माणसांचा, ते आणि मी. साठ-बासष्टचा सुमार. मी नवा, परिवीक्षेवर होतो, म्हणजे प्राचार्यांनी नाक मुरडलं की घरी. सर मूळचे कळंबचे. नागपूरला एम.एस्सी. करून मुंबईला एका संशोधन संस्थेत दीड वर्ष काढून आले होते. तिथं खोलीभर पसरलेलं एक विजेचं गणकयंत्र होतं आणि त्या यंत्राशी बोलणाऱ्या मोजक्या लोकांत सर होते. तिथून परत का आले, हे यवतमाळात प्रत्येकानं त्यांना विचारलं. पहिल्यांदा विचारलं की सर सांगत. दुसऱ्यांदा विचारलं तरी सांगत. तिसऱ्यांदा विचारलं की शर्टाच्या खिशातून एक चिठ्ठी काढून हातात देत. चिठ्ठीवर उत्तर लिहिलेलं असे.

हा विनोद नव्हता, त्यांचा नेम होता. “दोनदा सांगीन, तिसऱ्यांदा लिहून देईन,” असं ते म्हणत. त्यासाठी शर्टाला शिंप्याकडून चार खिसे लावून घेतले होते. लग्न का केलं नाही याची चिठ्ठी डाव्या वरच्या खिशात. ती मी पाहिली आहे. वरती लाल पेन्सिलीनं एक ओळ होती : ‘आधी पाहा : विचारणारा नात्यातला आहे का? असल्यास ही चिठ्ठी परत घ्यावी व तोंडी बोलावे.’ त्याखाली निळ्या शाईत उत्तर. उत्तर काय होतं ते सांगत नाही, ते त्यांचं खासगी आहे. पण ती लाल ओळ लक्षात ठेवा, कारण माझा सगळा संताप त्या एका ओळीवरून आहे.

बसस्टँडजवळच्या हॉटेलात शेठनं सरांची एक चिठ्ठी भिंतीला चिकटवली होती. ‘प्रोफेसर आल्यास अर्धा चहा, बिनसाखरेचा, कपात.’ आणि वर लाल अक्षरात : ‘आधी पाहा : सोबत पाहुणा आहे का? असल्यास विचारा.’ शेठ गिऱ्हाइकांना ती कौतुकानं दाखवी. एकदा माझे वडील आले होते, मी त्यांना आणि सरांना तिथं घेऊन गेलो. पोऱ्यानं न विचारता तीन बिनसाखरेचे चहा आणून आपटले. सर उठले, भिंतीजवळ गेले, शेठला बोलावलं आणि लाल ओळ वाचून दाखवली. “शेठ, खालची ओळ पाठ केली तुमी, अन् वरची सोडून देल्ली. मंग चिठ्ठी कायले लावली? फाडून टाका ना.” वडिलांनी तो कडू चहा पिऊन टाकला आणि घरी येऊन मला विचारलं, तुमच्या कॉलेजात सगळे असेच आहेत का? मी म्हणालो, नाही, बाकीचे शहाणे आहेत.

दर रविवारी सर खिसे रिकामे करत. आठवडाभरात जी चिठ्ठी एकदाही लागली नाही ती बंबात जाई. आणि ज्या चिठ्ठीतली गोष्ट बदलली असेल, ती लागत असली तरी बंबातच. मी म्हटलं, सर, एवढ्या मेहनतीनं लिहिता आणि जाळता? ते म्हणाले, “भाऊ, माणूस बदलते, चिठ्ठी बदलत नाही. ते खिशात राह्यली तं एक दिवस खोटं बोलते.”

वर्गात त्यांचं आणखी एक खूळ होतं. लोक त्याला सर्कस म्हणायचे, प्राचार्यही म्हणायचे. सरांनी मुलांचं गणकयंत्र बनवलं होतं. यंत्र नाही तर यंत्राची नक्कल का होईना, पोरांना त्याचं डोकं कसं चालतं ते कळलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी दहा-बारा हुकमांची एक भाषा केली होती : घे, ठेव, जोड, काढ, पाहा, फिरून कर, थांब. गणित या भाषेत कागदावर लिहायचं. एक मुलगा दुभाषा. तो एकेक हुकूम वाचणार, वही उघडून त्याचा अर्थ पाहणार, आणि कोणी कुठल्या पेटीतला आकडा उचलून कुठल्या पेटीत टाकायचा ते बाकीच्यांना सांगणार. बाकीचे हमाल. हमालांनी डोकं चालवायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं.

पहिल्या दिवशी एका आकड्याचं वर्गमूळ काढायला अख्खा तास गेला आणि ते निघालंच नाही. पोरं हसून हसून बेजार. सर मात्र भलतेच खूश. “कंटाळा आला का नाही? झकास. आता सांगा, कंटाळा कुठं आला?”

एकजण म्हणाला, “सर, ते भागाकाराची ओळ. चाळीस वेळा तेच ते. दरवेळी वही उघडा, अर्थ पाहा, सांगा.”

“अर्थ बदलला का चाळीस वेळांत?”

“नाही जी.”

“मंग दरवेळी काहून विचारून राह्यला?”

तेव्हापासून दुभाष्याशेजारी टिपणकार बसू लागला. त्याचं काम फक्त पाहत राहायचं. एखादी ओळ तिसऱ्यांदा आली की दुभाषा काय काय सांगतो ते तो थेट हमालांच्या हालचालींत उतरवी : या पेटीतून उचल, त्या पेटीत टाक. ती चिठ्ठी हमालांच्या हातात. पुढच्या वेळी तीच ओळ आली की दुभाष्याकडे जायचंच नाही, चिठ्ठी पाहून काम उरकायचं. तेच वर्गमूळ पंधरा मिनिटांत निघालं. एका हुशार पोरानं विचारलं, सर, असं आहे तर आधीच सगळ्या ओळींच्या चिठ्ठ्या करून ठेवू. सर म्हणाले, “अबे, जे कधी येनारच नाही त्याच्या चिठ्ठ्या लिहीत बसशीन तं काम सुरू कधी करशीन? काम चालू दे. चालता चालता जेथं कंटाळा येते, तेथलंच लिह्य.”

मग आली लाल ओळ. पूर्ण आकड्यांसाठी लिहिलेली चिठ्ठी एका पोरानं अपूर्णांकाला लावली आणि उत्तर भलतंच आलं. हमालांनी तक्रार केली नाही, त्यांना कुठं विचार करायचा होता? सरांनी ती चिठ्ठी वर्गात सगळ्यांना फिरवून दाखवली. “पाहा, चिठ्ठी पळते काहून? कारण ते विचार करत नाही. मंग तिच्या डोक्यावर एक तरी ओळ विचाराची पाह्यजे. मी कोन्त्या आकड्यासाठी लिहेल हावो, ते आधी पाहा. तसा आकडा नसला तं मले खाली ठेवा अन् दुभाष्याकडे जा. त्याले येळ लागते, पन थो चुकत नाही.”

माझ्या भाच्याचा मुलगा पुण्यात संगणकाचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी त्याला हे सगळं सांगितलं, म्हटलं, आमचे एक वेडे सर होते. तो ऐकता ऐकता हसायचा थांबला. म्हणाला, आजोबा, आजचे संगणक हेच करतात. भाषेचा दुभाषा ओळ ओळ वाचत असतो, कुठली ओळ सारखी येते यावर नजर ठेवतो, आणि काम चालू असतानाच तेवढ्याच भागाचा थेट यंत्राच्या भाषेत तर्जुमा करतो. त्याला जस्ट-इन-टाइम कंपायलेशन म्हणतात. आणि तर्जुम्याच्या वर एक तपासणी असतेच, ती चुकली की मुकाट्यानं परत दुभाष्याकडे. मी विचारलं, ती तपासणी कुणी काढून टाकली तर? तो म्हणाला, असं कोण करेल?

मी केलं होतं. त्याला ते सांगितलं नाही.

आमच्या संस्थेच्या जिल्ह्यात गावोगावी शाळा होत्या आणि त्या सगळ्यांची मिळून एक सामाईक परीक्षा संस्था घेई. ती पास झालेल्या मुलींना संस्थेच्याच यवतमाळातल्या अध्यापिका वर्गात जागा मिळे. वर्षभर वसतिगृहात राहायचं आणि बाहेर पडायचं ते बाई होऊन. ज्या घरांत कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या घरांना ही जागा म्हणजे काय होती ते आज सांगून कळायचं नाही. निकाल लावायचे नियम मात्र एका पुस्तिकेत होते आणि ती पुस्तिका बहुधा कुणाला कळू नये म्हणूनच लिहिलेली होती. दरवर्षी निकाल रखडे, दरवर्षी भांडणं होत. सर एका बैठकीत म्हणाले, माह्या पोरायचं यंत्र लावतो, द्या माह्याकडे. प्राचार्य हसले, पण अध्यक्षांना त्या वर्षी आपल्या सत्काराच्या समारंभात निकाल जाहीर करायचा होता. त्यामुळे सर्कशीला परवानगी मिळाली.

सरांनी अख्खी पुस्तिका आपल्या दहा-बारा हुकमांत बसवली. हॉलमध्ये टेबलं लागली, इंटरची पोरं हमाल झाली, एक दुभाषा झाला आणि टिपणकार म्हणून मी. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेमतेम वीस-बावीस निकाल लागले. प्राचार्य तीनदा येऊन घड्याळ पाहून गेले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या तयार झाल्या आणि गाडी धावायला लागली. मुख्य चिठ्ठी सोपी होती : प्रत्येक पेपरात पस्तीस किंवा जास्त आहेत? पास. एकात कमी आहेत? नापास, पुढच्या टेबलावर. आणि वर, सरांनी मला स्वतः लाल पेन्सिल देऊन लिहायला लावलेली ओळ : ‘आधी पाहा : सगळे पेपर शंभर गुणांचे आहेत का? नसल्यास चिठ्ठी खाली ठेवून दुभाष्याकडे जा.’ कारण घाटंजीच्या कन्याशाळेतल्या मुली गणिताच्या दुसऱ्या पेपराऐवजी शिवणकाम घेत आणि शिवणकामाचा पेपर पन्नासाचा असे. पन्नासात अठरा मिळाले की पास.

तिसऱ्या दिवशी कळंबहून निरोप आला की सरांची आई विहिरीजवळ घसरून पडली. सर निघाले. निघताना मला म्हणाले, “भाऊ, काही अडलं तं दुभाष्याकडे जा. उशीर झाला तं होऊ दे. अध्यक्षाचा सत्कार काही पळून नाही जात.”

पळून गेला नाही, दोन दिवस अलीकडे आला. चौथ्या दिवशी प्राचार्य हातात पत्र नाचवत हॉलमध्ये आले, म्हणाले, समारंभ परवा. ते हमालांच्या मागं उभे राहून पाहू लागले. प्रत्येक पोरगा निकाल लावायच्या आधी सगळ्या पेपरांवरचे ‘पैकी गुण’ पाहत होता. सात पेपर, सात वेळा मान खाली.

“हे काय चाललंय?” त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, पेपर शंभराचे आहेत का ते पाहताहेत.

“आणि दोन दिवसांत किती निघाले नसलेले?”

“एकही नाही.”

हे खरं होतं. यवतमाळचे आणि कळंबचे गठ्ठे आधी आले होते, सगळे मुलांच्या शाळांचे, सगळे पेपर शंभराचे. ती लाल ओळ दोन दिवस नुसती उभी होती, तिनं एकदाही कुणाला अडवलं नव्हतं.

“म्हणजे निम्मा वेळ तुम्ही जे नाही ते शोधण्यात घालवताय,” प्राचार्य म्हणाले. “काढा ती ओळ.”

“सरांनी सांगितलंय—”

“सर कळंबला आहेत. तुम्ही इथं आहात. किती दिवस असायचा विचार आहे?”

त्यांनी टेबलावरची कात्री उचलून माझ्यापुढं सरकवली. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरळ केला आणि वरची पट्टी कापली. एकेक करून सगळ्या. पोरं पाहत होती. दुभाषा म्हणाला, मंग माह्यं काय काम? प्राचार्यांनी त्याला घरी पाठवलं. त्यानंतर असा वेग आला की काय सांगू! पोरांच्या टाळ्या. मला स्वतःला बरं वाटलं, हेही लिहितो, कारण खोटं लिहायचं तर स्मरणिका आहेच. दुपारी घाटंजीच्या कन्याशाळेचा गठ्ठा आला आणि त्याच वेगानं तोही निघाला.

निकाल छापला गेला. समारंभात अध्यक्षांनी तो जाहीर केला, हार झाले, भाषणं झाली. प्राचार्यांनी ‘आधुनिक पद्धती’चा दोनदा उल्लेख केला. सर दुसऱ्या दिवशी सकाळी आले, आईच्या पायाला प्लास्टर घालून. छापील निकाल हातात घेतला आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. घाटंजीच्या पानावर थांबले. चार मुली नापास होत्या, चौघी एकाच विषयात. शिवणकाम. त्यातल्या एकीला बाकीच्या सगळ्या विषयांत शाळेत सर्वांत जास्त गुण होते. शिवणकामात एकतीस.

“पन्नासात एकतीस,” सर म्हणाले. “नापास?”

मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावतील, निदान शिव्या तरी घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “सगळ्या चिठ्ठ्या कापल्या?”

“सगळ्या.”

“अन् दुभाषा?”

“घरी पाठवला.”

ते खुर्चीत बसले. पुस्तिका उघडली, आपली हुकमांची वही उघडली. स्वतः दुभाषा झाले आणि मला हमाल केलं. चारही मुलींचा निकाल पहिल्या ओळीपासून, एक एक ओळ, पुन्हा लावला. दीड तास लागला. चौघी पास.

बाकीच्या तिघी लहान होत्या, त्या पुढं शिकणार होत्या. एकतीसवाली मात्र अध्यापिका वर्गासाठी अर्ज करून बसली होती आणि ती यादी शनिवारी बंद होणार होती. घाटंजीजवळच्या एका खेड्यातली. वडील दुसऱ्यांच्या कापसात मजुरीला जाणारे. छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांची ती वस्ती, आणि त्या वस्तीतून इथवर पोचलेली ती पहिली मुलगी. हे सगळं तिच्या अर्जावर तिच्या हेडमास्तरांनी शेऱ्यात लिहिलं होतं, म्हणून आम्हाला ठाऊक.

सर वही घेऊन प्राचार्यांकडे गेले. मी मागोमाग. प्राचार्यांनी वही पाहिली नाही. म्हणाले, “निकाल अध्यक्षांच्या हस्ते जाहीर झालाय. आता तो चुकला म्हणायचं?”

“चुकला तं चुकलाच म्हना लागन.”

“हे बघा, एका मुलीसाठी संस्थेची अब्रू वेशीवर टांगता येणार नाही. आणि या लोकांना सवलती असतातच. पुढच्या वर्षी बसेल, होईल काहीतरी.”

सर एरवी कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. “अहो, थे पोरगी पास हाय! पास पोरीले सवलत कायले पाह्यजे?”

प्राचार्यांनी बेल वाजवून शिपायाला बोलावलं आणि पुढची फाइल मागितली. माझं रक्त आत्ता लिहिताना उकळतंय. तेव्हा मी काय केलं? सरांच्या मागं उभा राहून जमिनीवरची फरशी पाहिली. परिवीक्षा संपायला चार महिने होते.

सर गप्प बसले नाहीत. संस्थेच्या सचिवांकडे गेले, दोन सभासदांच्या घरी गेले, प्रत्येकाला वही उघडून दाखवली. शुक्रवारी सकाळी सचिव आणि प्राचार्य स्वतःच आमच्या विभागात आले. सोबत टाइप केलेला कागद. त्यात लिहिलं होतं की निकालाची पद्धत सदर प्राध्यापकांनी आखलेली होती, तिच्यात शिवणकामाच्या पेपराचा विचारच केलेला नव्हता, दोष सर्वस्वी त्यांचा आहे, आणि यापुढं कॉलेजात असले प्रयोग होणार नाहीत. यावर सही झाली तर चार निकाल दुरुस्त करायला संस्थेची हरकत नव्हती.

विचारच केलेला नव्हता! ज्या माणसानं लाल पेन्सिल माझ्या हातात देऊन ती ओळ लिहून घेतली, त्यानं विचार केलेला नव्हता.

सरांनी कागद दोनदा वाचला. “सही केली तं चौघींचा निकाल आजच बदलते?”

“आजच.”

“मंग आधी थे. चारही दाखले आना, शिक्का माह्यासमोर मारा. मंग हे.”

सचिवांना राग आला, पण दाखले आले. शिक्के मारले गेले. सरांनी प्रत्येक दाखल्यावरचं नाव आणि गुण बोट ठेवून तपासले आणि मग त्या कागदावर, हजेरीच्या वहीत करतात तशी, सही केली. पुढं पुष्कळ वर्षांनी ज्या एक-दोघांना मी हे सांगितलं, त्यांना सांगताना म्हणत असे की सरांनी मला डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं. तसं काही झालं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी आपण होऊन गप्प राहिलो. चार महिन्यांनी कायम झालो, पुढं विभागप्रमुखही झालो. सरांचा यंत्राचा वर्ग बंद झाला तो कायमचा. ते निवृत्त होईपर्यंत क्रमिक पुस्तकातलं गणित शिकवत राहिले. वर्गात पुन्हा कधी तो कंटाळ्याचा प्रश्न विचारला नाही. स्मरणिकेतली तत्परता ती हीच.

निकाल बदलल्याचा निरोप हेडमास्तरांकडून मिळताच शनिवारी ती मुलगी आली, वडिलांबरोबर. पहाटेच्या एस.टी.नं. दाखला घेऊन अध्यापिका वर्गाचा अर्ज पुरा करायचा होता. संस्थेनं सरांचा तो सही केलेला कागद फलकावर लावला होता, दोन टाचण्या मारून, सगळ्यांना दिसेल असा. मुलीनं तो उभी राहून वडिलांना वाचून दाखवला. थोड्या वेळानं दोघं प्राध्यापकांच्या खोलीच्या दारात आली. खोलीत सर होते आणि शेजारच्या खुर्चीत मी. वडील उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा रुमाल. मुलगी त्यांच्या मागं, दाखला दोन्ही हातांत धरून.

“जयभीम जी,” वडील म्हणाले. “हिसाबाचे सर कोन हायेत?”

“मी,” सर उभे राहिले.

“तुमीच का थे, चुकी करनारे?”

“हो.”

“माह्या पोरीनं चार दिवस अन्नाले हात नाही लावला. गावात लोकं तोंडावर म्हने, अजून शिकवा पोरीले. तिची माय म्हने, चाल, कापूस येचाले चाल, झालं तुह्यं शिकनं. अन् तुमी इथं बसून खेळ करून राह्यले? पोरी खेळाच्या असते का जी?”

“नसते,” सर म्हणाले. “चुकलं माह्यं.”

“चुकलं म्हन्ता! आमचं चुकलं असतं तं तुमच्या लोकायनं सोडलं असतं का आमाले?”

“नसतं सोडलं.”

“मी बी नाही सोडत. पन आज हिचा फारम भराचा हाय.” मुलीनं मागून त्यांचा सदरा ओढला, म्हणाली, बाबा, चला, उशीर होते. सर तिला म्हणाले, “पहिल्या नंबरचे मार्क हायेत तुह्ये. वसतिगृहाच्या बाईले दाखला आधी दाखवजो, मंग फारम देजो.” तिनं मान हलवली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी वर्तमानपत्र समोर धरून बसलो होतो. त्या वेळी उठून दोन वाक्यं बोलायची होती, जास्त नाही. दादा, यांची चूक नाही, माझी आहे. कात्री माझ्या हातात होती. दोन्ही वाक्यं माझ्या तोंडात तयार होती, आज साठ वर्षं झाली, अजून आहेत.

वडील दारापर्यंत गेले आणि वळले. सरांकडे न पाहता माझ्याजवळ आले, हात जोडले. म्हणाले, “साहेब, तुमी तं भले मानूस दिसता. याच्या कामावर जरा ध्यान ठेवत जा.”

मी म्हणालो, हो.